कोळशाची शेगडी (म्हणजे बार्बेक्यू हो!) झटपट पेटवायची कशी?

गच्चीवाला (शुक्रवार, रात्री १०:१२)

मंडळी, नवीन वर्षाच्या शुभेच्छा. आता रडगाणं ऐका.

३१ तारखेला आमच्या गच्चीवर १४ माणसं होती. मेव्हण्याने दिवाळीत भेट दिलेला तीन पायांचा, गोल झाकणाचा बार्बेक्यू इतके दिवस खोक्यातच होता, त्याचं उद्घाटन करायचं ठरलं. पनीर, मशरूम, चिकनच्या तंगड्या सकाळपासून दह्यात मुरत होत्या. मक्याची कणसं सोलून ठेवलेली. साडेसातला मी कोळसे लावायला घेतले. जाळीवर छान एकसारखे पसरले, मधे मधे कापराच्या वड्या, वर तेलात बुडवलेले कापसाचे बोळे. काडी लावल्यावर ज्वाळा अशा उठल्या की पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पाच मिनिटांत ज्वाळा गेल्या. कोळसे होते तसेच, काळेशार. नुसती कड पांढुरकी झालेली.

पुन्हा कापूर. देवघरातला डबा संपला (आई काही बोलली नाही, नुसतं बघितलं). मग वर्तमानपत्रं, मग अंड्यांचा ट्रे, मग बार्बेक्यूचं स्वतःचं खोकं. कागदाचे जळके पापुद्रे उडून शेजारच्यांनी वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसले. साडेआठला बायकोचा हेअर ड्रायर आणला. त्याने कोळसे जरा लाल झाले, पण ठिणग्या अशा उडाल्या की माझ्या स्वेटरला बारीक बारीक पाच भोकं. सव्वानऊला मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, खाली गॅसवर तव्यावर भाजून घेऊ या का?"

घेतलं. जेवलो. आणि पावणेबाराला फटाके बघायला सगळे वर गेलो, तर काय सांगू, निखारे असे फुलले होते की लोहाराने हेवा करावा. खायला मात्र काही उरलं नव्हतं.

तर २६ जानेवारीला दुसरा प्रयोग आहे. जालावर शोधलं तर चिमणी, लायटर फ्लुइड, मेणाच्या वड्या, विजेची सळई, गरम हवेची बंदूक असं काय काय दिसतं. नक्की काय घ्यावं? अर्ध्या तासाच्या आत निखारे हवेत, गच्ची शाबूत हवी, आणि आईचा कापूर वापरायचा नाही.

---

तिरसट (शुक्रवार, रात्री १०:१९)

इलेक्ट्रिक ग्रिल घ्या. धागा संपला.

---

जर्सीकर_आजोबा (शुक्रवार, रात्री १०:५७)

चिमणी घ्या, डोळे झाकून. इकडे २२ वर्षं दर उन्हाळ्यात हेच करतोय.

ही म्हणजे साधारण फूटभर उंचीचं, दोन्ही बाजूंनी उघडं पत्र्याचं नळकांडं. आत खालून तिसऱ्या हिश्श्यावर तारेची जाळी. जाळीच्या वर कोळसा, खाली कागद, पत्र्याला खाली भोकं. कागद पेटवला की गरम हवा वर चढते आणि खालून नवी हवा आपोआप ओढली जाते. फुंकायचं नाही, वारा घालायचा नाही. बाजूला उभं राहून गप्पा मारायच्या. १५ ते २० मिनिटांत काम तमाम.

दोनच गोष्टी सांभाळा. कागद ठासून भरू नका. वर्तमानपत्राची दोन पानं सैलसर चुरगाळून कडेने गोल बसवा, मधे मोकळी जागा ठेवा. ठासलात तर हवा कोंडते, धूर होतो आणि माणूस चिमणीला शिव्या देतो. दुसरं, कागदावर चमचाभर खायचं तेल शिंपडा. कागद भसकन जळून न जाता निवांत जळतो.

कधी ओतायचे? सगळ्यात वरच्या कोळशांच्या कडा राखाडी दिसू लागल्या की लगेच. वरचे पूर्ण पांढरे व्हायची वाट बघत बसलात तर तोवर खालचे निम्मे जळून गेलेले असतात. ओतताना चामड्याचे हातमोजे घाला, आणि आपल्यापासून लांब ओता.

अवांतर: इकडे कोळसा म्हणजे बहुतेक भुकटी दाबून केलेल्या, उशीच्या घाटाच्या छोट्या विटकुल्या (ब्रिकेट). त्या घराघरात पोचवण्यात मोटारवाल्या हेन्री फोर्डचा मोठा हात. मॉडेल टी गाडीला लाकूड लागायचं, त्याच्या उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून त्याने मिशिगनमध्ये विटकुल्यांचा कारखाना काढला. म्हणजे मोटारीच्या भंगारावर अख्खी अमेरिका मांस भाजायला शिकली म्हणा.

---

सदुकाका (शनिवार, सकाळी ६:४०)

चिमणी चिमणी काय करता? घरोघरी बंब होता तो काय होता? तांब्याचा बंब, मधोमध नळी, खाली जाळी, त्याखाली राखेचं दार. वरून नळीत गोवरीचा तुकडा आणि चार ढलप्या टाकायच्या, खालचं दार उघडायचं, की दहा मिनिटांत अंघोळीचं पाणी कढत. दार लावलं की आग मंद. अमेरिकेने नळीभोवतालचं पाणी काढून टाकलं आणि आपल्याला विकायला आणलं.

आणि आमच्या गिरगावच्या चाळीत कोळशाची शेगडी पेटवायची तीसुद्धा अशीच. शेगडी गॅलरीत वाऱ्याच्या तोंडाशी, खालची खिडकी वाऱ्याकडे. तळाला कागदाचा बोळा, त्यावर चिपाडं, त्यावर बारीक कोळसा, वर मोठा. आणि सगळ्यावर तळ काढलेला तुपाचा डबा उभा ठेवायचा. ओढ लागली की आवाज यायचा, घुंऽऽ असा. तो आवाज आला की आई दूध ठेवायला उठायची. तोपर्यंत गॅलरीत धूर, म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाची वेळ वेगळी ठरलेली.

तुम्ही कोळसे पसरलेत तिथेच चुकलात. पसरतात ते पेटल्यावर. आधी ढीग.

---

मैथिली_न (शनिवार, सकाळी ८:०५)

काका, बंबाला दंडवत! आमच्याकडे शेवटी त्यात तुळस लावली.

माझं साधं उत्तर. बहिणीच्या बाळंतपणात शेक-धुरीला यायच्या त्या बाई पापड भाजायच्या जाळीवर पाच-सहा कोळसे ठेवून गॅसवर लाल करायच्या, सात-आठ मिनिटं. मग सांडशीने उचलून घमेल्यात, वर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. बार्बेक्यूलाही तेच चालेल की. सहा लाल कोळसे खाली, बाकीचे वर, झालं.

फक्त एक. काचेच्या गॅसवर करू नका. आमच्या कोळशाचा तुकडा फट्टकन फुटून काचेवर पडला आणि काच कोपऱ्यापर्यंत तडकली. दुकानदार म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही. बसणार कसं म्हणा.

---

खारवी (शनिवार, सकाळी ९:३०)

मालवणातून. आमच्याकडे चिमणीबिमणी कोण आणतो, परसात करवंट्या पडलेल्या असतात. चार सुक्या करवंट्या फोडून आडव्यातिडव्या रचायच्या, खाली मूठभर काथ्या नाहीतर सुकं सोडण (नारळाची साल) पिंजून. करवंटीत तेलाचा अंश असतो, भगभगून पेटते आणि बराच वेळ जळते. तिच्यावर कोळशाचा ढीग करा. बांगडे भाजायचे तर कोळसासुद्धा नको, करवंटीचेच निखारे पुरतात आणि वास काय येतो म्हणून सांगू!

धूर मात्र सुरुवातीला खूप. फ्लॅटवाल्यांनी शेजाऱ्यांना बांगडा देऊन मग पेटवावं.

---

यंत्रवत (शनिवार, सकाळी १०:१५)

सगळे उपाय बरोबर आहेत, पण मला रोगाचं निदान आधी करायचंय. गच्चीवाला, तीन प्रश्न:

कोळसा कधी आणला होता आणि कुठे ठेवला होता? कोळशाचे तुकडे सुपारीएवढे होते की नारळाएवढे? आणि बार्बेक्यूच्या बुडाची झडप उघडी होती का?

---

गच्चीवाला (शनिवार, सकाळी १०:४१)

कोळसा गणपतीत आणला होता, गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवलेला. तुकडे सगळ्या मापाचे, चार-पाच चांगले मुठीएवढे.

कुठली झडप?

---

तिरसट (शनिवार, सकाळी १०:४३)

हाहाहाहा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ते तरी भाजून आणलेले आहेत.

---

यंत्रवत (शनिवार, सकाळी ११:३०)

हसू नका हो, दहातल्या नऊ जणांचं हेच होतं.

भांड्याच्या खाली एक दांडा असेल. तो सरकवला की बुडातली भोकं उघडतात. खोक्यातून काढताना तो बंद असतो. तुमची भोकं बंद होती, म्हणजे तुम्ही एका खोलगट कढईत आग लावायचा प्रयत्न करत होतात. कापूर, कापूस, कागद यांना वरून हवा मिळत होती, ते जळले. कोळशाला खालून मिळायला हवी ती मिळाली नाही. मग तासाभरात कधीतरी कोणाचा तरी पाय दांड्याला लागला असणार, नाहीतर झाकण काढून तुम्ही सगळे खाली गेल्यावर वारा सुटला असणार, आणि निखारे निवांत फुलले.

आता कोळशाबद्दल. लाकडी कोळसा पेट घेतो साधारण साडेतीनशे अंशाच्या आसपास. पण तो सच्छिद्र असतो, दमट हवेतलं पाणी पिऊन बसतो. गणपतीत आणून गच्चीवर ठेवलेला म्हणजे परतीच्या पावसात चांगलाच सादळला असणार. त्या पाण्याची वाफ होऊन जाईपर्यंत कोळशाचं तापमान शंभराच्या वर सरकतच नाही. वरून ते पाणी आत अडकलेलं असलं की तडतडून ठिणग्या उडतात. तुमच्या स्वेटरची भोकं ती.

तिसरं सदुकाकांनी सांगितलंच. एकटा निखारा चिमट्यात धरून हवेत ठेवा, दोन मिनिटांत काळवंडतो. त्याची उष्णता चहूकडे निघून जाते. दहा निखारे एकमेकांना चिकटून ठेवा, प्रत्येकाची उष्णता शेजाऱ्याला मिळते. चिमणीत हेच होतं: ढीगही होतो आणि ओढही लागते. म्हणून वर ओतायला काय घ्यावं हा प्रश्नच बाजूला ठेवा. खालून हवा कशी येईल ते बघा.

---

दवाखान्यातून (शनिवार, दुपारी १:२०)

मी डॉक्टर आहे, भाजलेल्यांच्या वॉर्डात काम केलंय, म्हणून हे जरा कडक लिहितेय.

रॉकेल, पेट्रोल, थिनर, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही कोळशावर वापरू नका. विशेषतः "विझलंय वाटतं, अजून थोडं ओतू" हा क्षण सगळ्यात वाईट. राखेखाली निखारा असतो, ओतलेल्याची वाफ होते, ती एकदम पेटते आणि ज्योत धारेवरून उलटी बाटलीत शिरते. बाटली हातात, हात छातीजवळ. पुढचं सांगत नाही. सॅनिटायझरची ज्योत तर उजेडात धड दिसतही नाही, लोक "पेटलंच नाही" म्हणून वाकून बघतात.

मुद्दाम बार्बेक्यूसाठी मिळतं ते फ्लुइडसुद्धा फक्त गार कोळशावर, काडी लावायच्या आधी, एकदाच. नंतर नाही म्हणजे नाही.

---

एलएचा_मराठा (शनिवार, दुपारी २:०२)

डॉक्टरांना +१. फ्लुइडची अजून एक गंमत. आमच्या लॉस एंजेलिस परिसरात धुरकं इतकं असायचं की इथल्या हवा नियंत्रण मंडळाने १९९० साली थेट बार्बेक्यू पेटवण्यावरच नियम काढला. एकदा पेटवताना किती वाफा हवेत गेल्या तर चालतील याची मर्यादा घातली, ०.०२ पौंड, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. कंपन्यांना फ्लुइडचं मिश्रण बदलावं लागलं. लोक हसले, पण लाखो घरांत रविवारी संध्याकाळी एकदमच फ्लुइड उडत असेल तर हिशोब लागतो.

चवीचं म्हणाल तर कोळसा पूर्ण राखाडी व्हायच्या आत पदार्थ ठेवला की पनीरला पेट्रोल पंपाचा वास. अनुभवाचे बोल.

---

तोक्यो_दादर (शनिवार, संध्या. ५:४८)

मैथिलीच्या पापडजाळीला इकडे रीतसर भांडं आहे, हिओकोशी म्हणतात. लांब दांड्याचं छोटं पातेलं, बुडाला जाळी. त्यात कोळसे भरून गॅसवर ठेवायचे आणि लाल झाले की दांडा धरून शेगडीत ओतायचे.

पण इकडचा बिंचोतान कोळसा म्हणजे वेगळाच जीव. वाकायामाकडच्या उबामे नावाच्या ओकचा, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा खणकन वाजतो. पेटायला अर्धा तास सहज, पेटला की तासन् तास हलत नाही, धूर नाही. घाई असणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. गच्चीवाल्यांना बाभळीचाच बरा.

---

फटफटी (शनिवार, रात्री ९:१०)

घरी चिमणी बनवा की राव. १५ किलोचा तेलाचा डबा घ्या, दोन्ही बाजू कापा, खाली खिळ्याने भोकं पाडा, मधून सायकलच्या चार तारा आरपार घाला, झाली जाळी. खर्च शून्य. मी बनवलीय.

---

यंत्रवत (शनिवार, रात्री ९:३५)

कल्पना झकास, दोन दुरुस्त्या.

१५ किलोचा डबा फार मोठा. तो भरायला तीनेक किलो कोळसा लागेल, तुमच्या १४ माणसांच्या जाळीला एक-दीड किलो पुरे. पाच लिटरचा पत्र्याचा डबा बघा.

सायकलच्या तारांवर बहुतेक जस्ताचा मुलामा असतो. निखाऱ्याच्या मधोमध तो जळतो आणि जस्ताचा पांढरा धूर सुटतो. वेल्डिंगवाल्यांना विचारा, गॅल्व्हनाइज्ड पाइपवर काम केलं की रात्री थंडीताप भरतो तो यानेच. म्हणून जस्ताची बादली, जस्ताची जाळी, मुलाम्याच्या तारा सगळं बाद. साधी काळी लोखंडी सळी घ्या, सहा मिलिमीटरची.

तेलाच्या डब्याला आतून कल्हई, म्हणजे कथील, असते. ते २३२ अंशालाच वितळतं. त्यामुळे डबा पहिल्यांदा नुसताच एकदा पेटवून घ्या. बाहेरचा छापील रंगही तेव्हाच जळून जाईल. त्या दिवशी त्यावर काही भाजू नका.

---

फटफटी (शनिवार, रात्री ९:५२)

तरीच मागच्या वेळी रात्रभर कणकण होती. मला वाटलं बिअर गार होती म्हणून.

---

शिशिर_म्युनिक (रविवार, दुपारी १२:१५)

माझी गरम हवेची बंदूक. खास बार्बेक्यूची महाग मिळते, पण हार्डवेअरच्या दुकानातली रंग खरवडायची हीट गनसुद्धा तेच करते, ५०० ते ६०० अंश हवा फेकते. ढिगाच्या पायथ्याशी एकाच जागी धरायची, दीड-दोन मिनिटांत तिथला कोळसा लाल, मग थोडं मागे घेऊन वारा द्यायचा. एकूण सात-आठ मिनिटं. वेगात हिला तोड नाही.

पण २००० वॉट खाते. तुमच्या गच्चीवर साधा बल्बचा पॉइंट असेल तर एक्स्टेंशन वायर कोळशाच्या आधी पेटेल. आणि हातात धरून उभं राहावं लागतं.

हेअर ड्रायरची हवा खूपच कमी तापते, तो पेटवत नाही, नुसता फुंकणीचं काम करतो. आणि राख उडवतो.

---

मैथिली_न (रविवार, दुपारी १२:४०)

त्या झटपट पेटणाऱ्या हुक्क्याच्या चकत्या मिळतात त्या खाली घातल्या तर? काडी लावली की सरसरून पेटतात.

---

यंत्रवत (रविवार, दुपारी १:०५)

नको. सरसरतात ते सोऱ्यामुळे. फटाक्याच्या दारूत असतो तोच. खाण्याच्या खाली कशाला? मेणाच्या आणि लाकडी भुशाच्या वड्या मिळतात त्या चांगल्या. कागदाऐवजी चिमणीखाली एक ठेवायची, आठ-दहा मिनिटं संथ जळते, पापुद्रे उडत नाहीत. शेजारची चादर वाचेल.

---

गच्चीवाला (सोमवार, २७ जानेवारी, रात्री ११:२०)

अहवाल सादर!

आधी १२ तारखेला रंगीत तालीम केली. घाण्याच्या तेलाच्या दुकानातून पाच लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. वरचं झाकण आणि तळ कापला (कडा पक्कडीने आत दुमडल्या, तरी अंगठा कापलाच). बाजारातून काळी सळी आणून तीन तुकडे आरपार घातले, खालून चार बोटांवर. त्याच्या खाली चारी बाजूंना भोकं. दोन बोल्टांनी जुन्या कुकरची मूठ बसवली. कोळसा नवा आणला, जुना सादळलेला तीन दिवस उन्हात पसरला आणि त्याच्यात मिसळला. मुठीएवढे तुकडे हातोडीने फोडून लिंबाएवढे केले. यात मी स्वतः कोळसेवाल्यासारखा दिसू लागलो.

डबा कुठे ठेवायचा यावर घरात वाद झाला. आमच्या गच्चीला चायना मोझॅक आहे, उन्हाने आधीच दोन-तीन ठिकाणी फुगलंय. त्यावर निखाऱ्याचा डबा ठेवला तर तडकणार आणि पावसाळ्यात खालच्या बेडरूममध्ये गळणार. म्हणून थेट बार्बेक्यूच्या खालच्या जाळीवरच ठेवला. आणि झडप, लिहून ठेवा, पूर्ण उघडी.

काल प्रत्यक्ष प्रयोग. ७:०८ ला काडी. पहिली चार मिनिटं पिवळट दाट धूर, मेव्हणा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघत नाही. ७:१३ ला धूर एकदम पातळ झाला आणि डब्यातून आवाज आला, सदुकाका म्हणतात तसाच, घुंऽऽ. खरं सांगतो, अंगावर काटा आला. भोकांतून बघितलं तर खालचे कोळसे केशरी, मधले काळे पण कडेला लाल रेघ. ७:२० ला वरच्या कोळशांमधून निळसर छोट्या जिभा नाचू लागल्या. ७:२६ ला कडा राखाडी. ओतले. एका बाजूला जाड थर, दुसऱ्या बाजूला पातळ, म्हणजे करपायला लागलं की सरकवायला जागा. पावणेआठला पहिली तंगडी ताटात.

१८ मिनिटं. कापूर शून्य.

तुलनेसाठी एक डाव मैथिलीच्या पद्धतीनेही केला (गॅस साधा, स्टीलचा). सहा कोळसे सात मिनिटांत लाल. पण ते घेऊन दोन जिने चढायचे म्हणजे अंगावर शहारे. तळमजल्यावर अंगण असेल त्याने जरूर करावं. खारवींची करवंटी दुसऱ्या भरतीच्या वेळी वापरली, डब्यात कागदाऐवजी. मस्त पेटली. धुराने मात्र सगळ्यांचे डोळे पुसून झाले.

चिमणी विकत घ्यावी की करावी? अंगठ्याचं बँडेज बघून बायको म्हणते विकत घे. बरोबर आहे तिचं. दोन पदरी मूठ, नीट कडा, हे घरच्या डब्याला येत नाही. पण आता डब्यावर जीव जडलाय.

एक प्रश्न उरला. रात्री ११ ला अजून बरेच निखारे लाल होते. आई म्हणत होती की घमेल्यात घेऊन खाली ये, खोलीत गार आहे, शेकायला होतील.

---

दवाखान्यातून (सोमवार, रात्री ११:३१)

आणले नाहीत ना??

---

गच्चीवाला (सोमवार, रात्री ११:३३)

नाही आणले. का?

---

दवाखान्यातून (सोमवार, रात्री ११:४४)

हुश्श.

लाल निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड सतत निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. उत्तरेत दर थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवून अख्खी घरं गेल्याच्या बातम्या येतात त्या यानेच. खिडकी किलकिली असली तरी भरवसा धरू नका. आईंना गरम पाण्याची पिशवी द्या.

---

सदुकाका (मंगळवार, सकाळी ६:३२)

अभिनंदन. घुंऽऽ ऐकलंत ना, मग झालं.

उरलेल्या निखाऱ्यांचं असं. झाकण ठेवा, वरची खालची दोन्ही भोकं बंद करा, हवा तुटली की आपोआप विझतात. सकाळी राख चाळून अर्धे जळलेले कोळसे डब्यात ठेवा. ते पुढच्या वेळी सगळ्यात आधी पेटतात, म्हणून तळाशी घालायचे. आमच्या आईचा असा एक वेगळा डबा होता. राख पूर्ण गार झाल्याशिवाय प्लास्टिकच्या कचराडब्यात टाकू नका, दुसऱ्या दिवशीसुद्धा आत जीव असतो.

आणि झाकायच्या आधी त्या निखाऱ्यांत दोन वांगी का नाही टाकलीत? इतके निखारे फुकट घालवले.

---

तिरसट (मंगळवार, सकाळी ९:१५)

माझं इलेक्ट्रिक ग्रिलचं मत कायम आहे. पण तो डब्याचा आवाज एकदा ऐकायला यावं म्हणतो.

---

चौथ्या_मजल्यावरून (मंगळवार, सकाळी १०:०२)

नमस्कार. मी इथे आजवर फक्त वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

ती चादर आमची होती.

पुढच्या वेळी आम्ही चौघं येतोय. मशरूम नको, वांगी चालतील.